रेशनच्या तांदळात प्लास्टिक नाहीये

परत तो व्हिडिओ फिरायला लागलाय. रेशनचा तांदूळ पाण्यात टाकलाय, काही दाणे वर तरंगतायत आणि मागून एक बाई घाबऱ्या आवाजात सांगतेय की बघा, गरिबांना प्लास्टिक खायला घालतायत. माझ्या मावशीच्या गावात आता बायका ताटात तांदूळ पसरून ते जरा वेगळे दिसणारे पांढुरके दाणे एकेक करून वेचतात आणि फेकून देतात.

ते फोर्टिफाइड दाणे आहेत हो! तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड, बी-12 मिसळून मशीनमधून परत दाण्याचा आकार देतात आणि 100 किलोत साधारण 1 किलो मिसळतात. हलके असतात म्हणून काही तरंगतात. म्हणजे ज्या बाईच्या अंगात रक्त कमी आहे तीच तिच्यासाठी घातलेलं लोह निवडून टाकतेय, याचं मला फार वाईट वाटतं. आणि राग तिचा नाही येत. 15 ऑगस्ट 2021 ला लाल किल्ल्यावरून हा तांदूळ द्यायची घोषणा झाली, तो दुकानात आला, शाळेच्या पोषण आहारात आला, पण तांदूळ असा का दिसतो हे घरोघरी कुणी सांगितलंच नाही, व्हिडिओ मात्र घरोघरी पोचला. भाताचा गोळा उसळतो म्हणून प्लास्टिक, असंही एक चालतं. अहो स्टार्च चिकट असतो, कुठल्याही मऊ भाताचा घट्ट गोळा करून आपटा, उसळेल. शंका असेल तर शिजलेल्या शितावर आयोडीनचा थेंब टाका, निळंकाळं झालं की तो स्टार्च.

या प्लास्टिकच्या गोंधळात खरा प्रश्न बाजूलाच राहतो. लोह घातलेल्या तांदळाच्या पाकिटावर सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्या पेशंटसाठी, ज्यांच्या अंगात जास्तीचं लोह साठू शकतं, सूचना छापायचा नियम होता, 2024 मध्ये तो काढला. नंदुरबार, गडचिरोलीत सिकलसेलची कितीतरी घरं आहेत, त्यांनी हा तांदूळ रोज खावा का यावर डॉक्टरांनी, सरकारने गावात येऊन बोलायला पाहिजे. पण यावर कुणी व्हिडिओ बनवत नाही कारण यात दाखवण्यासारखं काही तरंगत नाही.

दुधाचं पण तेच. युरिया, डिटर्जंट, सिंथेटिक दूध, रोज एक फॉरवर्ड, आणि भेसळ होतच नाही असं मी अजिबात म्हणत नाही, पकडली जातेच. पण एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने, 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने घेतले त्यात भेसळीमुळे प्यायला धोकादायक निघाले 12. अफ्लाटॉक्सिन एम1 मर्यादेपेक्षा जास्त निघालं 368 मध्ये! हे विष बुरशीचं, पेंड किंवा चारा ओलसर जागी ठेवला की बुरशी धरते, गाय ते खाते आणि ते दुधात उतरतं, उकळूनही जात नाही. यात कुणी बदमाश नाही, रात्री गुपचूप पावडर मिसळणारा माणूस नाही, म्हणून हे शेअर होत नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दूध तपासायचे घरगुती उपाय सतत येतात, तेव्हा मी आता एकच विचारते, आपला दूधवाला पेंड कुठे साठवतो, पावसाळ्यात पोती भिजतात का, कुणी बघून आलंय का? अजून कुणी गेलेलं नाही, येत्या रविवारी आम्ही दोघी-तिघी गोठ्यावर जाणार आहोत.