एकोणतीस लिही म्हटलं, आणि तिने ३१ लिहिले

‘मुलांना घरी शिकवता, मग गणिताला कोणतं पुस्तक लावलंत?’ हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. परवा तुम्हीही विचारलंत. घाईत दोन नावं सांगून मी फोन ठेवला, पण मनातून ते पटलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलगी सहा वर्षांची असताना मी बाहेरून मागवलेला एक महागडा संच आणला होता. रंगीत वह्या, ठोकळे, रोजचं वेळापत्रक, सगळं त्यात होतं. बेरजा ती झटपट करायची. पण मी तोंडी ‘सत्तावीस’ म्हटलं की ७२ लिहायची. ‘बहात्तर’ म्हटलं की २७. तीन महिने मी तीच पानं पुन्हा पुन्हा गिरवून घेतली. ती रडायची आणि माझा आवाज चढायचा.

एकदा ‘एकोणतीस’ म्हटल्यावर तिने ३१ लिहिले. मी रागावणार, तेवढ्यात ती लिहिताना काय पुटपुटतेय ते ऐकू आलं. ‘एक... तीस’. तिने तीसचा ३ काढला आणि त्यापुढे एक लिहिला. जे ऐकलं तेच तिने इमानदारीत लिहिलं होतं. एकोण म्हणजे एक कमी, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. सत्तावीसमध्ये सात आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी. तो संच इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी बनवलेला. ट्वेंटी सेव्हन म्हणणाऱ्या मुलाला ही अडचण येतच नाही, मग त्यात तिच्यावर उपाय कुठून असणार?

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. मराठी बुडाली इथपर्यंत मजल गेली, विषय विधानसभेत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा शांतपणे सांगत होत्या, की जुनी नावं काढलेली नाहीत, फक्त मुलांना जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण होते, म्हणून दुसरी वाट दिली आहे. कानडी, तेलुगू, तमिळमध्ये दशक आधीच बोलतात. त्या वादात मी कुठल्याच बाजूला नव्हते. मुलीची वही समोर आल्यावर मात्र त्यांचं म्हणणं पुरेपूर पटलं.

मग मी संच कपाटात ठेवला. बालभारतीचं दुसरीचं पुस्तक त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेतलं. शंभर मण्यांची माळ ओवली, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. ‘वीस सात दाखव’ म्हटलं की ती दोन रंग ओलांडून सात मणी मोजायची. आणि एकोणतीससाठी तिसावा मणी बोटाने झाकायची. ‘एक उणा तीस!’ असं ओरडली तो दिवस मी विसरणार नाही. सहा आठवड्यांत उलटे आकडे थांबले. आता ती सत्तावीसच म्हणते, वीस सात नाही.

धाकट्याची गोष्ट वेगळी. त्याला आकडे आवडतात, लिहिण्याचा मात्र कंटाळा. त्याच्या आजोबांना पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड आणि अडीचचे पाढे, अजून तोंडपाठ आहेत. अडीच, पाच, साडेसात, दहा असं ते म्हणत जातात आणि हा मागून म्हणतो. मंडईत ३६ रुपये किलोचे सव्वा किलो कांदे घेतले, तर छत्तिसाची पावकी नऊ, छत्तीस आणि नऊ म्हणजे पंचेचाळीस, हे तो वजनकाट्याच्या आधी सांगतो. अपूर्णांकांचा धडा येईल तेव्हा त्याला पाव आणि दीड नव्याने शिकवावे लागणार नाहीत, फक्त ते कागदावर कसे मांडतात तेवढं दाखवायचं. त्याच्यासाठी मी एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राच्या शिक्षण संस्थेची पुस्तकंही वापरते, कारण त्यांतली उदाहरणं बाजारातली, घरातली असतात.

दहावीचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असेलच. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेमधून वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं, शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्यासाठी आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्मही आहे. त्याचा विचार आठवी-नववीच्या वयात करा. तुमच्या सात वर्षांच्या मुलीसाठी आत्ताच दहावीचा अभ्यासक्रम डोळ्यांसमोर ठेवून पुस्तक निवडू नका, हे मात्र कळकळीने सांगते.

कुठलंही पुस्तक विकत घेण्याआधी आज संध्याकाळी तिला कागद-पेन्सिल द्या आणि ‘एकोणपन्नास लिही’ म्हणा. उत्तर बरोबर की चूक ते पाहू नका, ती काय पुटपुटते तेवढं कान देऊन ऐका. आणि मला कळवा, मग पुस्तकाचं बोलू.