तुम्ही विचारलंत म्हणून: आर्ट्सवाल्यांना स्टॅट्स जमतं का?

ॲडमिशन सुरू झाल्या की मेसेज येतातच, "ताई, एमए सोशिऑलॉजीला स्टॅट्स आहे म्हणे, आर्ट्सवाल्यांना जमतं का?" आणि मी दरवेळी "जमतं गं, काही नसतं त्यात" म्हणून मोकळी होते. ते खोटं आहे, म्हणजे अर्धं खोटं आहे. यंदा एकदाच काय ते नीट सांगते, पुढच्या वर्षी हीच लिंक पाठवेन.

गणित अवघड नाहीये, खरंच नाहीये. सरासरी आणि मध्यक शाळेत झालेलं असतं. प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पांगलेत ते. काय-स्क्वेअर म्हणजे दोन गोष्टींचा काहीच संबंध नसता तर टेबलाच्या कुठल्या रकान्यात किती माणसं आली असती आणि प्रत्यक्षात किती आली, त्या तफावतीचा हिशोब. टेबल दोन बाय दोनचं असेल तर ३.८४ पाठ करायचं, त्याच्या वर गेलं की पाच टक्के पातळीला संबंध आहे म्हणायचं. कार्ल पिअर्सननं १९०० साली मांडलेलं हे, आता बटण दाबलं की येतं. दहावीला गणितात काठावर पास झालेल्या मला त्या पेपरात ७१ मार्क होते. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल हिला येतच नसणार.

डेझर्टेशनसाठी घरकाम करणाऱ्या १२० बायकांच्या मुलाखती घेतल्या, २०१४ साली. सगळ्या मी स्वतः, दुपारी दोन ते चार, कारण सकाळची कामं आटपून संध्याकाळच्या कामाला निघेपर्यंत तेवढ्याच वेळात त्या घरी सापडायच्या. एक प्रश्न होता, लग्नाच्या वेळचं वय. १४ जणींनी वय सांगितलं नाही. अशा वेळी ९९ टाकायची पद्धत आहे, आणि मग एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'मिसिंग'च्या रकान्यात जाऊन सांगायचं असतं की बाबा रे हे ९९ म्हणजे वय नव्हे. ते मी विसरले. उरलेल्या १०६ जणींची सरासरी साडेसतरा होती, त्यात हे चौदा नव्व्याण्णव मिसळले आणि स्क्रीनवर आलं २७.

आणि मी त्या २७ वर तीन पानं लिहिली. शहरात आल्यावर, स्वतःची कमाई हातात आल्यावर लग्न कसं लांबतं वगैरे, संदर्भांसकट. प्रमाण विचलन २६ च्या आसपास आलेलं, तर त्यावर "लग्नाच्या वयात लक्षणीय विविधता आढळते" असं ठोकून दिलं. त्याच टेबलात मध्यक १८ होता. कमाल वय ९९ होतं! चौदा बायका नव्व्याण्णवाव्या वर्षी बोहल्यावर चढलेल्या, माझ्याच टेबलात, आणि मला दिसल्या नाहीत.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी ते पान उघडलं. "वस्तीत तुम्ही स्वतः गेला होतात?" हो सर. "सगळ्यांकडे?" हो सर. "मग सत्ताविसाव्या वर्षी लग्न झालेली एकतरी भेटली का हो?"

एकही नाही. हे मला त्या क्षणी लख्ख आठवलं, एकही नाही. माझ्या गाईड मॅडम घाईघाईनं आपली प्रत चाळायला लागल्या, म्हणजे त्यांनीही वाचलं नव्हतं, पण ते जाऊ दे. सर ओरडले नाहीत. पेन्सिलीनं २७ भोवती गोल काढला आणि पान उलटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"टायपिंगची चूक गं, कुणाचीही होते," असं मैत्रिणी म्हणतात. होते ना. पण तीन पानं टायपिंगमध्ये चुकून होत नाहीत. "सोळाव्या वर्षी आणली मला" असं सांगणाऱ्या बायकांच्या घरी चहा प्यायलेली मी, आणि मशीन २७ म्हणालं तर मशीनच्या बाजूनं उभी राहिले. कारण आर्ट्सवाली ना, आकडा म्हटलं की मान खाली. तेव्हाच्या माझ्यावर आजही चिडते मी, पण तिचंही ऐकायला पाहिजे. ती म्हणते, मला फॉर्म्युला शिकवला, टेबल वाचायला कुणी शिकवलं? बरोबर आहे तिचं. पूर्ण नाही, पण आहे.

पहिल्याच तासाला कुणी अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा वाद सांगितला असता तर. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली दिवसाला २२५० कॅलरी धरून गरिबी मोजली, आणि सुखात्मे म्हणाले, गरज माणसागणिक बदलते, एकाच माणसाचीही बदलत राहते, तेव्हा सरासरी गरजेच्या खाली गेलेला प्रत्येक जण उपाशी असं म्हणता येणार नाही, रेषा दोन प्रमाण विचलनं खाली घ्या. म्हणजे जे आम्ही घोकत होतो त्याच्यावर उपाशी कुणाला म्हणायचं हे ठरत होतं, तेही इथे पुण्यात बसून. मला सुखात्म्यांचं गणित पटतं आणि तरी ती रेषा खाली सरकताना बघवत नाही, काय करू.

तर ९९ काढला, साडेसतरा आलं, दुरुस्त प्रत जमा केली, डिग्री मिळाली. गोष्ट इथे संपली असती तर "जमतं गं" हेच उत्तर होतं. पण मागच्या वर्षी घर बदलताना जुने फॉर्म निघाले. ९९ वाल्या एका फॉर्मवर समासात माझ्याच अक्षरात लिहिलंय, "बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली, न्हाणबी आलं नव्हतं." म्हणजे उत्तर दिलं होतं की तिनं! आकडा नव्हता, म्हणून मी ९९ टाकला. बाकीचे तेरा फॉर्म काढून बघितले, बहुतेक सगळ्या वयस्कर बायका. म्हणजे ज्यांची लग्नं सगळ्यात लवकर झाली असणार त्याच बाहेर राहिल्या, आणि ते दुरुस्त केलेलं साडेसतराही जास्तच आहे. किती जास्त, ते आता कुठून काढणार?

तिचं काढायचा प्रयत्न केला. लग्न १९७१, मुलाखत २०१४, मध्ये ४३ वर्षं. फॉर्मवर वय लिहिलंय "अंदाजे ५५". वजा केलं तर बारा. पण तो अंदाज तिचा नव्हता, माझा होता, तिचे पांढरे केस बघून लिहिलेला.