आमची वाटचाल: पन्नास लिटरच्या कॅबिनेटपासून दहा लिटरच्या डब्यापर्यंत

कोल्हापुरात राजारामपुरीतलं आमचं दुकान आज सोबत नेता येतील असे लहान गेमिंग कॉम्प्युटर बांधतं, पण २०१४ साली ते कॉम्प्युटरच्या दुरुस्तीवर सुरू झालं. प्रिंटर, विंडोज टाकून देणं, एक-दोन शाळांच्या लॅबचं मेंटेनन्स. असेंबल्ड मशीन मागतील तशी बांधून द्यायचो. गेमिंगचं मशीन म्हटलं की गिऱ्हाइकाला काचेचं भलंमोठं कॅबिनेट हवं असायचं. ते आकारमानाने सहज पन्नास लिटरच्या घरात जायचं आणि आतली निम्मी जागा मोकळीच असायची. बारावी झाली की पोरं पुण्याला इंजिनिअरिंगला जाणार, मशीन कोल्हापुरात घरी राहणार आणि दिवाळीला त्यावरची धूळ झटकायला आमच्याकडे येणार. हॉस्टेलच्या खोलीत तिघांच्या कॉटमध्ये ते कॅबिनेट ठेवायचं तरी कुठे?

"मग लॅपटॉप का नाही?" हा प्रश्न आजही रोज येतो. ज्याला वर्गात, लायब्ररीत, रेल्वेत मशीन उघडायचं आहे त्याला आम्ही सरळ सांगतो, लॅपटॉपच घे. पण दोन ठिकाणी राहणाऱ्या, दोन्हीकडे मॉनिटर असलेल्या माणसाचं गणित वेगळं आहे. लॅपटॉपवरची नावं फसवी असतात. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० या ग्राफिक्स कार्डाला १२ जीबी मेमरी आहे; त्याच नावाच्या लॅपटॉपवाल्याला ८ जीबी, आणि चिपसुद्धा निराळी, लहान. शिवाय चार वर्षांनी फक्त कार्ड बदलायची सोय लॅपटॉपमध्ये नाही.

लहान मशीनकडे आम्हाला खरं ढकललं ते २०२१ ने. लॉकडाऊन आणि क्रिप्टोच्या मायनिंगमुळे (कार्डांवर क्रिप्टो चलन मिळवणं) ग्राफिक्स कार्डं छापील किमतीच्या दुपटीलाही मिळेनाशी झाली होती. त्या वर्षी एएमडीचा रायझेन ५ ५६००जी हा प्रोसेसर बाजारात आला. त्याच्यातच बरे ग्राफिक्स, वीज ६५ वॅटच्या वर्गातली. कार्डच नाही म्हटल्यावर मोठं कॅबिनेट कशाला? मिनी-आयटीएक्स या लहान मापाचा मदरबोर्ड १७ सेंमी बाय १७ सेंमी. तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये हे माप आणलं, तेव्हा ते गेमिंगसाठी नव्हतंच. त्यावर आम्ही चार लिटरची मशीनं बांधायला लागलो. व्हॅलोरंटसारखा गेम त्यावर छान चालायचा, आणि पोरं ते सॅकमध्ये टाकून घेऊन जायची. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग बंद झालं, कार्डांचे भाव उतरले, आणि हीच पोरं परत आली: "दादा, डबा एवढाच पाहिजे, पण आता कार्ड टाकून."

कार्ड टाकायचं तर रचना बदलावी लागते. नेहमीच्या कॅबिनेटमध्ये कार्ड बोर्डावर काटकोनात उभं राहतं. दहा लिटरमध्ये बोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ लावून बसवायचे आणि रायझर नावाच्या चपट्या केबलने जोडायचे. परदेशात अशी कॅबिनेट दहा वर्षांपासून मिळतात, पण ती इथे येईपर्यंत ड्यूटी आणि वाहतुकीसकट किंमत ऐकून गिऱ्हाईक उठून जायचं. म्हणून डबा आपणच बनवायचा ठरवलं.

कोल्हापुरात असल्याचा फायदा इथे झाला. उद्यमनगरात शीट मेटलचं काम करणारे पावलोपावली. ज्या मिस्त्रींकडे गेलो त्यांचं रोजचं काम कडबाकुट्टीची कव्हरं आणि इलेक्ट्रिक पॅनलचे बॉक्स. ड्रॉइंग बघून म्हणाले, "साहेब, आमच्यात एखादं सूत इकडंतिकडं चालतंय. तुमचं पॉइंटात आहे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या वर. आमच्याकडे अर्धा मिलिमीटर सरकला तरी कार्डाची पट्टी खाचेत बसत नाही. पत्रा वाकवला की वळणाशी ताणला जातो, म्हणून सपाट कटिंगचं माप आधीच कमी धरावं लागतं. किती कमी, हे पत्र्याच्या जाडीवर आणि वाकवायच्या साच्यावर (डाय) ठरतं. मिस्त्रींनी आधी भंगारातल्या तुकड्यांवर वाकवून हे माप काढलं, मगच चांगल्या पत्र्याला हात लावला. पत्रा ५०५२ ॲल्युमिनियमचा, दीड मिलिमीटर. ६०६१-टी६ जास्त कडक, पण अरुंद वळणावर तडकतो.

पावडर कोटिंगचं वेगळंच प्रकरण. रंगाचा थर दिसायला काहीच नाही, पण एम३ (तीन मिलिमीटरच्या) स्क्रूच्या भोकात गेला की आटे भरतात आणि स्क्रू अर्ध्यात अडकतो. म्हणून भट्टीत जाण्याआधी प्रत्येक भोकात सिलिकॉनची बुचं बसवतो. बोर्डाचे स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) टेकतात तिथलाही रंग झाकतो, कारण पावडर इन्सुलेटर आहे आणि तिथे अर्थिंग मिळायला हवं. हे बुचं लावायचं काम घरचेच संध्याकाळी दुकानात बसून करतात.

रायझर केबलने आमचा पुष्कळ वेळ खाल्ला. एका सप्लायरने जेन ४ (कार्डाच्या जोडणीचा जास्त वेगाचा प्रकार) म्हणून दिलेल्या केबलींवर मशीन सुरू व्हायचं, गेम उघडला की स्क्रीन काळी. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, स्लॉट कमी वेगाच्या जेन ३ वर ठेवला की सगळं सुरळीत. आता प्रत्येक केबल रात्रभर लोडवर चालवून मगच डब्यात जाते.

उन्हाचा विषय मात्र आम्ही कोल्हापुरात बसून शिकलो नसतो. अकोल्याच्या एका मुलाने मे महिन्यात फोन केला, पंखे ओरडतायत म्हणून. बाहेर पारा ४४ वर. खोलीची हवा पंधरा अंशांनी तापली की आतलं तापमानही जवळपास तेवढंच चढतं. डबा कोणाचाही असो. तेव्हापासून आम्ही वॅट कमी ठेवूनच मशीन देतो. रायझेन ७ ७७००एक्स प्रोसेसर कारखान्यातून १४२ वॅटपर्यंत जातो. इको मोडमध्ये, म्हणजे वीज कमी ठेवणाऱ्या सेटिंगमध्ये, ८८ वर बांधला तर गेममध्ये फरक शोधावा लागतो. कार्ड शक्यतो ११५ वॅटचं आरटीएक्स ४०६०, नाहीतर २०० वॅटचं ४०७०, तेही व्होल्टेज थोडं उतरवून. यापेक्षा मोठं कार्ड मागणाऱ्याला मोठं कॅबिनेट घ्यायला सांगतो. धंदा जातो, पण मे महिन्यातले फोन वाचतात.

टेस्टिंग लॅबची मात्र सरकारने फुकट सोय केली आहे: पुणे-कोल्हापूर हायवे. सहापदरीकरणाची डायव्हर्जन बघितलेल्यांना सांगायला नको. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून गेलेल्या मशीनचे स्क्रू ढिले होतात आणि उंच कूलर बोर्डाला ओढत राहतो. म्हणून आमच्याकडे कूलर बुटका, कार्ड दोन्ही टोकांना आवळलेलं आणि महत्त्वाच्या स्क्रूंना निळा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद). सगळं मिळून वजन सहा किलोच्या आत ठेवतो. बेंगळुरू-हैदराबादला नोकरी करणारे मशीन विमानात सात किलोच्या केबिन बॅगेतच नेतात.

किमतीवरून वाद ठरलेला. मुलगा "विषय हार्ड!" म्हणत फोटो काढत असतो आणि वडील बिल बघत असतात. "अहो, एवढुशा डब्याचे जास्त पैसे? मोठा स्वस्त आणि लहान महाग?" मी त्यांना दोन पॉवर सप्लाय हातात देतो: नेहमीचा एटीएक्स आणि १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटरचा एसएफएक्स. दोन्ही ६५० वॅटचे, पण लहान तो महाग. बहुतेक वडील मग चहा घेतात. काही तरीही उठून जातात, आणि त्यांचंही चूक नाही. फिरवायचंच नसेल तर मोठ्या कॅबिनेटमध्ये त्याच पैशात जास्त मिळतं.

२०२५ च्या शेवटी रॅमचे भाव एआयच्या मागणीने असे उसळले की आता आमचं कोटेशन त्याच दिवसापुरतं असतं. ज्यांच्याकडे जुन्या मशीनची रॅम आणि कार्ड आहे, त्यांना रिकामा डबाही देतो. येताना कार्ड मोजून या: २९० मिलिमीटरपेक्षा लांब किंवा अडीच स्लॉटपेक्षा (कार्डाची जाडी स्लॉटमध्ये मोजतात) जाड असेल तर बसणार नाही, आणि कडेला लागणारी पॉवरची केबल वळायला दोन-तीन सेंटिमीटर जागा लागते ती वेगळी.