स्टॅमिनाची बाटली

बारावीच्या वर्गात व्यसनांवर बोलायला गेलं की सुरुवातीला मुलं माझ्याकडं बघतच नाहीत. काळवंडलेल्या फुफ्फुसाची चित्रं त्यांनी पाचवीपासून पाहिलेली असतात. म्हणून मी आधी कोऱ्या चिठ्ठ्या वाटतो. नाव न घालता प्रश्न लिहायचा.

कोल्हापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात त्या दिवशी नेहमीचेच प्रश्न निघाले. मावा थुंकून टाकला तर चालतो का? (नाही. निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं.) बिअरला वय किती लागतं? आपल्या राज्यात बिअर-वाइनला २१, बाकी दारूला २५, असं सांगितलं की हशा पिकतोच. मग एक चिठ्ठी आली : ‘मॅचच्या आधी बीपीचं इंजेक्शन घेतलं तर किती दिवस अंगात राहतं?’

कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा एक धिप्पाड पोरगा उठला. “सर, ते दारूसारखं न्हाई. स्टॅमिनासाठी असतंय. जिमची पोरं घेत्यात.” हा सुपारीच्या खांडालाही न शिवणारा, हे त्यानं आधीच अभिमानानं सांगितलं होतं.

माझं ठरलेलं भाषण तिथंच संपलं. हे बीपीचं इंजेक्शन म्हणजे मेफेंटरमाइन. पाठीच्या कण्यात भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरतो, तेव्हा भूलतज्ज्ञ समोरच्या पडद्यावर नजर ठेवून ते मोजून देतात. ठणठणीत पोरानं टोचून घेतलं की रक्तदाब चढतो, छाती धडधडते, भूक आणि झोप उडते, थकवा जाणवत नाही. उसाच्या गाडीचा बैल चाबकानं पळतो, म्हणून त्याचं बळ वाढलेलं नसतं. सुई एकमेकांची वापरली तर एचआयव्ही, कावीळ बी आणि सी. शिवाय स्पर्धेत बंदी असलेल्या उत्तेजकांच्या जागतिक यादीत ते आहे, हे ऐकल्यावर फुटबॉलवाली पोरं सरसावून बसली. हृदयापेक्षा मॅचची काळजी जास्त. कोल्हापूरच्या फुटबॉलवेड्या पेठेतलीच पोरं ती!

आमच्या पोस्टरांवर बाटली असते, सिगारेट असते, कवटी तर हवीच. प्रोटीनच्या डब्याशेजारी सिरिंज काढायचं कुणाला सुचलेलं नाही.

घंटा झाल्यावर जिन्यात दुसराच एक मुलगा थांबला होता. “मित्रानं घेतलंय,” म्हणाला. मित्राला झोप लागते का, विचारलं. “न्हाई लागत मला,” म्हणाला आणि खाली बघायला लागला. शेवटचं कालच घेतलेलं. ईसीजी आजच काढू, घरचं कुणीतरी बोलव, म्हटलं.

“पप्पा नकोत. वस्ताद चालतील.”

वस्ताद स्कूटरवरनं सीपीआर रुग्णालयात आले. ईसीजी ठीक निघाला, रक्तदाब मात्र चढलेला. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली. घरी सांगायचं वस्तादांनी अंगावर घेतलं. पोरगं बाटली कुणी दिली ते काही सांगेना. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही, असं मी वस्तादांना बाजूला घेऊन सांगितलं.

“नाव मी काढतो,” ते म्हणाले, “तुम्ही पोराकडं बघा.”