जव्हारमधलं एक वर्ष

आज जव्हारला येऊन वर्ष झालं. बदलीची ऑर्डर आली तेव्हा आई म्हणाली होती, "एकटी पोर, ओळख ना पाळख, कशी राहशील गं?" धाकधूक मलाही होतीच. पण आता रात्री साडेनऊला एसटीतून उतरून मी निर्धास्त चालत खोलीवर जाते. पहिल्याच पावसात शेजारच्या मावशींनी नागलीची भाकरी आणि शेवळाची रानभाजी दिली. घसा खवखवू नये म्हणून शेवळात काकडं, म्हणजे आंबट रानफळं घालतात, तेही चुलीपाशी बसवून शिकवलं.

आज बाजारात मात्र चादरी विकणाऱ्या एका परप्रांतीय जोडप्याला तीन-चार पोरांनी अडवलं. "आधार दाखव!" एकजण शूटिंग करायला लागला. कुणीतरी "पोरं पळवणारे" म्हणालं आणि बघता बघता गर्दी जमली. त्या बाईने कडेवरचं मूल पदराखाली इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं. माझ्या पोटात गोळाच आला. २०१८ साली धुळ्याच्या राईनपाड्यात याच अफवेपायी भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. २०२० मध्ये आपल्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचले गावात जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या ड्रायव्हरला मारून टाकलं.

चहावाले काका मध्ये पडले म्हणून आज निभावलं. त्यांनी दोघांना बाकावर बसवलं, मुलाच्या हातात बिस्किट दिलं.

मला इथे आधार कधीच कुणी मागितलं नाही. बँकेतली मॅडम ना मी, मराठी बोलणारी.

ती दोघं आज स्टँडजवळच्या शेडमध्ये मुक्कामाला आहेत. मावशींनी भाकऱ्या थापल्यात, आम्ही दोघी डबा घेऊन निघालोय.