काच चाटणाऱ्याचं पोट

गोल्डफिशची जोडी पिशवीत बांधून झाली की दुकानदार हमखास विचारतो, "एक सकर देऊ का? टाकी साफ ठेवतो." बिनपगारी सफाई कामगार मिळाला म्हणून गिऱ्हाईकही खूश.

बोटाएवढा, काळपट असा हा सकर, म्हणजेच प्लेको मासा, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. नीट जगला तर फूटभर, कधी त्याहूनही मोठा होतो. 2 बाय 1 बाय 1 फुटाच्या टाकीत पाणी मावतं जेमतेम 55 लिटर. तिथे त्याला धड वळताही येत नाही, आणि विष्ठा तर इतकी की तळाशी दोरेच दोरे. शेवाळ खातो थोडं, खत घालतो भरपूर. घरच्या टाकीला ब्रिसलनोज प्लेको बरा. 5-6 इंचांपुढे जात नाही, लाकडाचा ओंडका दिला की खरवडत बसतो. सोनेरी 'चायनीज अल्गी ईटर' मात्र दिसायला देखणा असला तरी नकोच. मोठेपणी शेवाळ सोडून गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर चाटतो.

ओटोसिंक्लस हा खरा गुणी जीव. दीड-पावणेदोन इंचांचा. नव्या टाकीच्या काचेवर बसणारी तपकिरी पूड त्याला फार आवडते, पण नव्या टाकीत सोडला तर विष्ठेतून पाण्यात साठणाऱ्या अमोनियाने मरतो. टाकी दोन-तीन महिने मुरू द्यावी, मग पाच-सहांचा घोळका आणावा. घेताना मासा काचेला चिकटलेला असेल तेव्हा त्याचं पोट पाहावं: गोलसर हवं. नदीतून पकडून आणलेले हे मासे वाटेत उपाशी राहतात. खपाटीला गेलेलं पोट पुन्हा भरून येणं कठीण.

शेवाळ खाणाऱ्यालाही जेवण लागतंच. काकडीची अर्धा सेंटीमीटर जाड चकती मिनिटभर उकळत्या पाण्यात धरायची, गार करून स्टीलच्या काट्यात खोचायची आणि दिवा मालवल्यावर तळाशी सोडायची. सकाळी उरलंसुरलं काढून टाकायचं, नाहीतर पाणी गढुळतं. एक दिवस काकडी, एक दिवस बुडणारी अल्गी वेफर (शेवाळाची चपटी वडी), असं आलटून पालटून.

आणि शेवाळ तरीही माजलंच तर माशाला बोल लावू नये. दिवा सहा-सात तासांवर आणावा, दाणे कमी टाकावेत, आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं. नळाचं पाणी असेल तर आधी क्लोरीन काढायचं औषध घालावं. निळसर-हिरवा, वास मारणारा बुळबुळीत थर तर यातला कुठलाच मासा खात नाही. तो हातानेच काढावा लागतो.

वाढलेला प्लेको नदी-तलावात सोडू नये, तिथे तो जगतो आणि पिलावळ वाढवतो. दुकानदाराला किंवा मोठी टाकी असलेल्याला द्यावा. धरताना जाळी वापरू नये: परांचे काटे जाळीत अडकतात, ओढलं तर पर फाटतात. प्लॅस्टिकचा डबा पुढे धरून त्याला आत हाकावं. अडकलाच, तर सरळ जाळी कापावी.