रात्रीची तलवार

पहिल्या शतकातल्या, येशूच्या काळच्या गालिल प्रांतात घडणारी कुमार-कादंबरी संपादनाला आली होती. या वाटेवर एलिझाबेथ जॉर्ज स्पिअर यांची ‘द ब्राँझ बो’ आठवतेच. ती १९६१ची, बालसाहित्यासाठीचं १९६२चं अमेरिकी न्यूबेरी पदक मिळालेली. तिचा डॅनियलही लोहारकाम करणारा. आमचा नायक मात्र नवव्या प्रकरणात अडला. गाव झोपलेलं असताना तो लोखंड वितळवतो, साच्यात ओततो आणि रोमविरुद्धच्या बंडखोरांसाठी तलवार करतो.

काशाचं हे चाललं असतं. ते हजार अंशांच्या आसपास वितळतं. लोखंडाला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. त्या काळच्या भट्टीतून निघायचा तो मळीने भरलेला सच्छिद्र गोळा. तो तापवून घणाने ठोकायचा, मळी झाडायची, मग पट्टी ओढायची. रंग पिवळा-नारिंगी असेतोवरच ठोकायचं; लाली काळवंडली की पुन्हा कोळशात. गार पडलेलं ठोकत राहिलं तर चिरतं. पाण्यात बुडवताच ‘चर्र’ होऊन धार येते, हे वाक्यही कापलं. कार्बन कमी असलेलं लोखंड पाणी देऊनही मऊच राहतं.

म्हणजे घणाचे घाव अख्ख्या गावाला ऐकू जाणार. लेखिकेला फोन केला. “ताई, हे रात्री गुपचूप व्हायचं नाही.”

“मग भर दिवसा करू?” त्या म्हणाल्या.

तसंच केलं. विळ्यांची मागणी आलेली, तिच्या आड भाल्याचं पातं. लोखंड थोडं लागतं आणि निम्मं होईपर्यंत काय घडतंय ते कळत नाही. गिऱ्हाईक दारात उभं, पातं सांडशीत. मूळ प्रकरणापेक्षा हे सरस उतरलं.

मग सैनिक. यहूदियावर इ.स. ६ पासून रोमचा थेट अंमल होता, पण येशूच्या काळी गालिलात राज्य रोमचा मांडलिक हेरोद अंतिपाचं. गावात रोज फिरणारी रोमी गस्त काढून त्याची माणसं घातली.

चित्रांत गालिलातल्या कफर्णहूम गावची काळ्या बेसाल्टची घरं छान होती, कुंपणाला मात्र फड्या निवडुंग! तो अमेरिकेतला, तिकडे पोचला कोलंबसनंतर. चित्रकाराने आजचे फोटो समोर ठेवले होते, हे उघड होतं. घोड्याच्या रिकिबीही खोडल्या. रोमी स्वार त्या वापरत नसत. होडीसाठी १९८६ साली गालिलच्या सरोवराकाठी गिनोसारजवळ सापडलेल्या, सुमारे ८ मीटर लांबीच्या होडीची मापं पाठवली. मुखपृष्ठ नव्याने काढायला दिलंय.